ढोलकीवाल्या मामांच्या कॅसेट : पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२४

काम असं आहे. मामा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर तमाशात ढोलकी वाजवत होते. आधी तुणतुणं, मग हलगी, मग ढोलकी. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या कॅसेट, एक हिशेबाची वही, काही हँडबिलं आणि फाटक्या पुडीची, म्हणजे तोंडावरचं कातडं फाटलेली, ढोलकी निघाली. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि कुठल्या कॅसेटवर कधीचं, कुठलं काय आहे ते लावायचं. मग त्याची एक पुस्तिका करायची. सगळं वर्षश्राद्धाच्या आत. आमच्या जुन्नर तालुक्यात आणि नारायणगावच्या आसपास अशा पेट्या घरोघर असतील. ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी.

पावसाळाच का, तर तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते वैशाखात परत येतात. चैत्रात जत्रांचा हंगाम भरात असतो. त्या दिवसांत साथीदारांना फोन केला तर ते ट्रकात झोपलेले असतात. मधले चार महिने मात्र घरी सापडतात. तोटा एवढाच की दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि वीज कधीही जाते. दोन्ही सोयी एकदम मिळत नाहीत, म्हणून माणसांची सोय बघितली.

लेबलं सगळी वाचून काढली. फडाचं नाव, मुख्य बाईंचं नाव, वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाट्याचं नाव, एखाद्यावर नुसतंच ‘जत्रा’. मामांचं नाव एकाही लेबलवर नाही.

२२ जून

पुण्याच्या जुन्या बाजारातून कॅसेट डेक आणला, ३,२०० रुपये. ‘चालू आहे’ म्हणून दिला होता. दिवा लागत होता, एवढंच चालू होतं. झाकण उघडलं तर आतले रबरी बेल्ट वितळून चाकांना डांबरासारखे चिकटलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायचे बड्स घेऊन ते खरवडून काढण्यात अख्खा दिवस गेला. नवे बेल्ट पोस्टाने मागवले, ३५० रुपये.

जुना डेक घेताना बेल्टचा खर्च आधीच धरून भाव करा. टेपला ढकलणारा काळा रबरी रोलर बोटाने दाबून बघा. तो दगडासारखा कडक झाला असेल तर आवाज हेलकावे खाणार. आमचा कडकच निघाला. बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून निभावलं.

३० जून

बेल्ट आले. पहिली कॅसेट मामांची घातली नाही. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पडलेली आरत्यांची एक कॅसेट घातली, आणि बरं झालं, कारण डेकने तिची टेप ओढून आत गुंडाळली. एक बेल्ट ढिला होता, गुंडाळणारं चाक फिरतच नव्हतं. तो बदलून मिळेपर्यंत आणखी आठवडा गेला. ज्याची हळहळ वाटणार नाही अशी कॅसेट जवळ ठेवाच.

तोवर बुरशीचं काम केलं. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी साय दिसते, तीच बुरशी. हे घरात करू नका. अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायच्या. पुड्या चपलांच्या दुकानातून मागून आणल्या, फुकट.

७ जुलै

टेपमागे एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, तो टेपला डेकच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. आमच्या बहुतेक कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकून तो गळून पडलाय. तो नसला की आवाज आधी बोदा होतो, मग मधेच गायब होतो. आपल्याला वाटतं टेप खराब झाली. टेप चांगली असते. नव्या, स्क्रूच्या कॅसेटचा साचा घ्यायचा आणि जुनी टेप रिळांसकट त्यात बसवायची. ज्या कॅसेटला स्क्रूच नाहीत, कडा वितळवून चिकटवलेल्या आहेत, त्या पातळ सुरीने शिवणीवर हळूहळू फोडाव्या लागतात.

टेप तुटली तर साधी चिकटपट्टी लावायची नाही. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचा वेढा चिकटून बसतो. जोडाची खास पट्टी मिळते. साठ मिनिटांच्या कॅसेटची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड, नव्वदची १२. म्हणून नव्वदच्या कॅसेट फास्ट फॉरवर्ड करू नका. मी त्या डेकवर लावण्याआधी पेन्सिलीने हाताने पूर्ण फिरवून घेते. कंटाळवाणं आहे, पण आतापर्यंत फक्त एक तुटली.

उतरवून घ्यायला साधं यूएसबी साउंड कार्ड आणि ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला एक जीबीच्या आसपास जागा लागते. एमपीथ्री करायची ती नंतर, व्हॉट्सॲपला.

११ जुलै

हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेड किंचित कलतं. ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड जसं वाकडं असेल तसं आपलंही करावं लागतं, नाहीतर घुंगरं आणि झांज ऐकूच येत नाही. प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू पुन्हा फिरवायचा आणि झांज सगळ्यात खणखणीत लागेल तिथे थांबायचं. मामांच्या कॅसेट निरनिराळ्या लोकांनी भरलेल्या. कुणी स्टेजखाली बसून, कुणी कर्ण्यासमोर. दोन कॅसेटला एक जागा लागू पडत नाही. काम निम्म्याने वाढलं ते यामुळे.

१५ जुलै

वेगाचा घोळ. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत गेले की टेप सावकाश भरते. मग आपल्याकडे ती वाजताना पळते आणि आवाज चढतो. एका कॅसेटवर बाई सुरुवातीला काळी चारमध्ये गातात आणि तासाभराने पांढरी सहाच्या जवळ पोचतात. साथीच्या बाजाच्या पेटीसकट.

इंटरनेटवर उपाय वाचला होता की मागे विजेची घरघर असते, ती ५० हर्ट्झला आणून बसवा. बसवली. पेटी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लागली. जत्रेत वीज जनरेटरची. स्टेजवरचे दिवे लागले की तो दबतो, विझले की पळतो. त्याची घरघर कशाला ५० राहील? तीन रात्री यात गेल्या.

मग पेटीवरच बसवलं. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, रात्रभरात ते हलत नाहीत. त्या फडाच्या बाई काळी चारमध्येच गायच्या, हे मामांचे साथीदार हलगीवाले काका यांना पक्कं ठाऊक. दर पाच मिनिटांनी पेटी तपासून वेग थोडा थोडा कमी करत नेला. मूळ फाइल तशीच ठेवली आहे, दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर.

२१ जुलै

आषाढी झाली, आज हलगीवाले काका आणि फडात मावशीचं, म्हणजे गवळणीतल्या विनोदी बाईचं, काम करणारे आप्पा घरी आले. लॅपटॉपला स्पीकर लावला आणि शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला, म्हणजे ते काय बोलतात ते भरलं जाईल. या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तो मोबाइल ठरला. कागदावर लिहून घ्यायला गेले असते तर निम्मं सुटलं असतं, कारण दोघं एकदम बोलतात आणि तोंडाने बोल म्हणतात.

गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, सुरू व्हायच्या आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी असते. ती ऐकताना काकांची बोटं मांडीवर चालत होती. मधेच म्हणाले, “थांब सुनबाई. मागं घे. आता घुंगरं ऐक.”

मी ऐकलं. घुंगरं एका ठिकाणी थांबतात. ढोलकी एकदम वर येते, बरीच आवर्तनं एकटी खेळते, घुमारे काढते. लोक शिट्ट्या मारतात. मग घुंगरं परत येतात आणि ढोलकी खाली बसते.

“बाईंचा चाळ सुटला हुता. पायातला. त्या बसून बांधत्यात तवर ह्यानं लोकांची नजर आपल्याकडं ओढली. मुद्दाम ठरवलेली जुगलबंदीच वाटली सगळ्यांना.”

आप्पा म्हणाले, “त्याचं निम्मं वाजवणं असलंच. झाकायचं.”

मी ती जागा चार वेळा ऐकली होती आणि ‘ढोलकी सोलो, छान’ असं लिहून ठेवलं होतं. आता प्रत्येक कॅसेट जाणत्या माणसासोबत एकदा ऐकल्याशिवाय वहीत तिची नोंद पुरी धरायची नाही, असं ठरवलं.

२८ जुलै

आवाज स्वच्छ करण्याचा प्रयोग. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ म्हणून सोय आहे. खरखर गेली, सोबत झांज गेली, आणि हलगीचा टणत्कार जाऊन नुसती थापटी उरली. गर्दीही गेली. असं वाटायला लागलं की मामा रिकाम्या गोदामात वाजवतायत. सगळं परत फिरवलं.

गर्दी ठेवायचं दुसरं कारण लगेच कळलं. दोन गाण्यांच्या मधे माइकवरून बक्षिसं पुकारतात. अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून या गाण्याला अकरा रुपये, मंडळ आभारी आहे. लोक हा भाग कंटाळून पुढे ढकलतात. मी तोच लिहून काढतेय. गावाचं नाव त्यात असतं, आणि कोण असामी आहे यावरून तिथले लोक साल सांगतात. आणि मधूनच येतं, ‘ढोलकीला एकवीस रुपये’. नाव तिथेही नाही. पण निदान बक्षीस कुणाला ते कळतं.

४ ऑगस्ट

साल लावायच्या युक्त्या, आतापर्यंत लागू पडलेल्या :

एका कॅसेटवर पुकारा आहे की भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी स्टेजजवळ डबा ठेवलाय. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. म्हणजे हा त्या दसऱ्यानंतरचा हंगाम. मामांच्या वहीत त्या हंगामाची उचल, म्हणजे फडाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, लिहिलेली आहे, आणि समोर फडाचं नावही. कॅसेट, वही आणि पुकारा असं तिन्ही जुळलेली ही पहिलीच.

दुसरीवर ‘सारंगखेडा, जिल्हा धुळे’. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, म्हणजे त्याच्या आधीचं. पण हा पुरावा कच्चा. आमच्याकडेही लोक जुनी नावं वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात. या कॅसेटवर मधे मधे घोडा खिंकाळतो. मला वाटलं वगातलं कुणीतरी आवाज काढतंय. काका हसले. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तापीच्या काठी. “थंडी अशी की पुडीवरची काळी शाई ताणून तुटंल का काय वाटायचं. शेकोटीवर ढोलकी धरून मग स्टेजवर जायचा तुझा सासरा.” म्हणजे महिना मार्गशीर्ष, गाव पक्कं, साल १९९८ च्या आधीचं कुठलंतरी. खरखर काढायच्या नादात घोडाही गेला असता.

तिसरी युक्ती वगाच्या शेवटाची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. त्याआधीच्या कॅसेटवर वग रंगत रंगत पहाटेला जातो, कोंबडे ऐकू येतात. नंतरच्यांवर कुणीतरी माइकवर येऊन म्हणतं की वेळेअभावी कार्यक्रम इथेच संपवत आहोत. आप्पांचं यावर ठाम मत आहे. वग अर्धा दाखवायचा तर दाखवूच नये, आणि पुढे पुढे लोक वगाला थांबेनासे झाले ते त्याने. मला दुसऱ्या बाजूलाही तथ्य वाटतं, जत्रेच्या गावात परीक्षेच्या दिवसांत मी राहिलेय. हे मी त्यांना बोलले नाही.

१० ऑगस्ट

मानधनाची फाइल सापडली. सरकारकडून वृद्ध कलावंतांना मानधन मिळतं, त्यासाठी आपण कलावंत आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. मामांनी कुणाकडून तरी तीन पानं लिहून घेतली होती. कोणत्या साली कोणत्या फडात, कोणत्या वगाला साथ, सोबत हँडबिलांच्या झेरॉक्स. आमचं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान असताना त्यांनी हे बाहेरून करून आणलं.

घरात कुणी विचारलं नसतं ते सगळं त्या तीन पानांत आहे. तुमच्या घरच्या कलावंताने असा अर्ज केला असेल तर ती फाइल पेटीच्या आधी शोधा. त्यातली सालं मात्र जशीच्या तशी घेऊ नका. वहीतल्या उचलीशी ताडून पाहिली तर दोन ठिकाणी हंगाम पुढेमागे झालेत. उचल ही पैशाची नोंद, ती चुकीची लिहिण्यात कुणाचा फायदा नसतो, म्हणून मी वही खरी धरली.

१८ ऑगस्ट

ढोलकी. दोन्ही पुड्या फाटलेल्या, खोडाला एक चीर. कारागीर म्हणाला, नव्या पुड्या, डावीला आतून मसाला, उजवीला शाई, सगळं २,६०० रुपये, आणि चीर भरली तरी पूर्वीसारखी घुमेल याची खात्री नाही. भाऊजींचं म्हणणं करून घेऊ, श्राद्धाला कुणाला तरी वाजवायला बोलावू. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “त्यांच्या हाताचं कातडं हाय ते. काढलं की टाकूनच देणार तो.” पुड्या तशाच राहिल्या. फक्त खोडाला कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचं तेल लावलं आणि जुनी दोरी सैल केली. दोरी ताणलेली ठेवली तर चीर वाढते, असं कारागीरच म्हणाला. त्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

२५ ऑगस्ट

आमच्या यांनी पहिल्यांदाच बसून ऐकलं. आजवर दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून टाळत होते. शाळेच्या दाखल्यावर यांच्या वडिलांचा धंदा ‘मजुरी’ असा आहे. तो मामांनी स्वतःच सांगून घातलेला. मुलांना वर्गात कुणी काही बोलू नये म्हणून. तमाशा हा शब्द या घरात मी लग्न होऊन आले तेव्हाही दबक्या आवाजातच निघायचा.

बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, सोंगाड्या वादकांना मधे ओढतोच. एका कॅसेटवर तो विचारतो, “काय वो ढोलकीवाले, घरी बायको सोडून इथं आमच्या मागं काय वाजवत बसलाय?” मागून, माइकपासून लांब, एक आवाज येतो. “बायकूच म्हणली, जा बडवून या कुणाला तरी.” मोठा हशा. सगळ्या कॅसेटमध्ये मामांचा बोललेला आवाज एवढाच. आत्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, “मी कवा म्हणले असं?”

हे त्या दिवशी आणखी दोन कॅसेट ऐकत बसले. दुकान भाऊजींनी सांभाळलं.

३ सप्टेंबर

काल पोळा. पाहुणे आले होते, त्यांनाही ऐकवलं. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. विठाबाईंना साथ केली होती का? नारायणगावचा माणूस, ढोलकी वाजवणारा, म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं नाव निघणारच. त्या २००२ साली गेल्या, राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. वहीत त्यांच्या फडाची उचल नाही, अर्जात नाही, कॅसेटवर नाही. म्हणून मी लिहिणार नाही. एका पाहुण्यांना हे पटलं नाही. म्हणाले, लिहून टाका, कोण बघायला येतंय, तेवढाच मान वाढतो. मान वाढायला सुटलेल्या चाळाची जागा आहे की. ती त्यांना ऐकवली तर म्हणाले, यात काय विशेष?

१५ सप्टेंबर

गौरी-गणपतीत काम बंद होतं. एक कॅसेट मात्र गेली. टेपवरचा तपकिरी थर पावडरीसारखा सुटतोय, दर मिनिटाला हेड पुसावं लागतं, आणि प्रत्येक वेळी वाजवताना आवाज आणखी पुसट. अशी टेप दिसली तर तालीम म्हणून वाजवू नका. पहिल्या वाजवण्यातच रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे. आमच्या नशिबाने चालू होतं. एका बाजूचा अर्धा तास मिळाला, हजेरीचा. रात्रीच्या तमाशानंतर सकाळी देवळासमोर जो कार्यक्रम होतो तो. रात्रभर वाजवून झाल्यावरचे हात आहेत हे, आणि लय तरीही ढळत नाही.

२९ सप्टेंबर

परवानगीचा प्रश्न. कॅसेट मामांच्या, पण गाणं बाईंचं, वग कुणा दुसऱ्याचा, फड मालकाचा. आप्पा आणि काका म्हणाले, आमचं खुशाल ठेवा. दोन फडांच्या मालकांच्या घरी जाऊन आलो. एका ठिकाणी मुलाने हो म्हटलं आणि स्वतःकडच्या कॅसेटची पिशवीच दिली. दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणाले, बाईंच्या नातवंडांना आवडणार नाही. त्या कॅसेट आमच्या घरातच राहतील. बक्षिसांच्या पुकाऱ्यातली माणसांची नावंही मी बाहेर द्यायच्या प्रतीच्या यादीत घेतलेली नाहीत, नुसती गावं.

एका कॅसेटवरच्या गवळणीच्या बाई कोण, हे कुणालाच ओळखता आलं नाही. काका म्हणतात, “ढोलकी त्याचीच, ती मी झोपेत वळकीन. बाई नाय वळकत.”

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. काका फडाबरोबर गेले, आता भेट वैशाखात.

हिशेब : डेक ३,२००, बेल्ट दोनदा मिळून ६५०, साउंड कार्ड २,४००, नवे साचे, जोडपट्टी आणि अल्कोहोल ९००, दोन हार्ड डिस्क ८,६००. एकूण १५,७५० रुपये. एक डिस्क घरी, एक भाऊजींकडे चाकणला. पैशाने सगळ्यात मोठा खर्च डिस्कचा, वेळेने वेगाचा घोळ. दुकानात हे काम दुसऱ्यांना करून द्याल का, असं दोघांनी विचारलं. कॅसेट उतरवून देईन. पुकारे लिहून काढायचे आणि जाणतं माणूस शेजारी बसवायचं, हे मात्र ज्यांचं त्यांनीच करायचं.

पुस्तिका सोळा पानांची होतेय. फडमालकाच्या मुलाने दिलेल्या पिशवीतल्या कॅसेटना अजून हात लावलेला नाही. वरवर बघितलं तर तीनवर बुरशी आहे आणि एक ओलसर वाटते, ती आजच सिलिका जेलच्या डब्यात टाकली.